मिठाच्या कणकेचे गिफ्ट टॅग

मैदा, मीठ आणि पाणी मळून, लाटून, कापून आणि वाळवून घरी केलेले, भेटवस्तूला दोऱ्याने बांधायचे शोभेचे टॅग. वाळल्यावर ते भाजलेल्या मातीसारखे कडक होतात आणि नीट जपले तर वर्षानुवर्षे टिकतात. भट्टी लागत नाही, विकतची माती लागत नाही. कणकेला लागणारे सगळे स्वयंपाकघरात असते. गोव्यात ते करण्याचा सोयीचा काळ दिवाळी ते नाताळ हा आहे. पाऊस सरलेला असतो, उन्हाला धार आलेली असते, आणि शेजाऱ्यांकडे फराळाचे डबे व नाताळच्या गोडाची ताटे पोहोचवायचे दिवसही नेमके तेच असतात.

जर्मन भाषेत या कणकेला ‘साल्झटाइग’ म्हणतात. नाताळच्या झाडावर टांगायच्या चांदण्या, हृदये, घोडे तिच्यापासून करण्याची तिकडे जुनी रीत आहे. अमेरिकेत हीच कणीक ‘बेकर्स क्ले’ या नावानेही ओळखली जाते. मराठी घरांना पिठाला आकार देणे नवीन नाही. दीप अमावास्येला कणकेचे दिवे होतात, पिठोरीला पिठाच्या मूर्ती होतात. फरक असा की ते दिवे उकडून खाण्यासाठी असतात, आणि ही कणीक मुळीच खाण्याची नाही. ती टिकावी म्हणूनच तिच्यात एवढे मीठ पडते.

कणीक

प्रमाण सोपे आहे: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी कोमट पाणी. लागलेच तर आणखी चमचा-दोन चमचे. एवढ्यात पाच-सहा सेंटिमीटरचे वीसेक टॅग निघतात. पाणी एकदम ओतू नये. पाणी पिठात मुरायला वेळ लागतो, त्यामुळे आधी कोरडा वाटणारा गोळा पाच मिनिटांत सैल पडतो. घाईने जास्त पाणी घातलेली कणीक नंतर हाताला चिकटते आणि वाळताना वाकते.

मैद्यातल्या ग्लुटेनची, म्हणजे चिवट प्रथिनाची, जाळी गोळा धरून ठेवते, आणि मीठ ती जाळी आणखी घट्ट करते. म्हणून आठ-दहा मिनिटे मनापासून मळणे आणि मग ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे झाकून ठेवणे, या दोन्ही गोष्टी टाळू नयेत. गव्हाचे पीठ चालते, पण टॅग तपकिरी आणि खरबरीत होतो. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते. उकड काढून मोदकाची पारी वळता येते खरी, पण ती वाळली की तडकते. गोव्याच्या घरात तांदळाचे पीठ सदैव हाताशी असते, त्यामुळे ते वापरून पाहण्याचा मोह होतो. या कामाला ते उपयोगाचे नाही.

मीठ बारीक का हवे, हे एका साध्या हिशेबातून कळते. खोलीतल्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. एका वाटी मिठाला पाऊण वाटी पाणी पडते, तेव्हा त्यातला जेमतेम पाव भाग विरघळतो आणि बाकीचे मीठ कणांच्या रूपात गोळ्यातच राहते. म्हणजे टॅगच्या पृष्ठभागावर दिसतो तो त्या कणांचा आकार. पिशवीतल्या बारीक मिठाचा टॅग गुळगुळीत निघतो. खडेमीठ मिक्सरमधून काढून, मग मैद्याच्या चाळणीने चाळून घेतले तरच जवळपास तसा येतो.

आगरातले मीठ आणि इथली हवा

गोव्याला स्वतःचे मीठ आहे. पेडण्यातील आगरवाडा, बार्देशातील नेरूल आणि हडफडे, तिसवाडीतील रायबंदर व बाती या भागांत भरतीचे पाणी आत घेऊन उन्हावर मीठ पिकवण्याची परंपरा आहे. मिठागराला इथे ‘आगर’ म्हणतात. आगरवाडा हे गावाचे नावच त्यातून आले आहे. पावसानंतर वाफे पुन्हा बांधले जातात, आणि उन्हाळ्यात पांढऱ्या-करड्या खड्यांच्या राशी उभ्या राहतात. पावसाळ्याच्या बेगमीत, म्हणजे पुरुमेंतात, सुक्या मासळीच्या आणि कोकमाच्या जोडीला हे मीठही घरात येते.

लोणच्यात आणि मासळीला ते उत्तम. टॅगच्या कणकेत मात्र ते जपून वापरावे लागते. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. आगरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही थोडे असते, आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढते. पावसाळ्यात बरणीतल्या खड्यांना पाणी सुटते ते मोठ्या प्रमाणात यामुळे. हेच पाणी टॅगलाही सुटते. डिसेंबरात खणखणीत वाजणारा टॅग आषाढात हाताला चिकट लागतो, त्याचा रंग ओघळतो, आणि तो बोटांनी दाबला तर दबतो.

तरीही आगरातले मीठ वापरायचेच असेल, आणि वापरावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण भेटीसोबत गावचे मीठ जाणे ही मोलाची गोष्ट आहे, तर खडे आधी मिठाच्याच गाढ पाण्यात चटकन खळबळून निथळावेत. गाढ पाण्यात मीठ आणखी विरघळत नाही, पण खड्यावरचा कडवट मॅग्नेशियमचा अंश बराचसा निघून जातो. मग उन्हात कडकडीत वाळवून दळावे. एवढी खटपट नको असेल तर निम्मे आगराचे आणि निम्मे पिशवीतले मीठ घ्यावे. करड्या मिठाने टॅगला किंचित राखाडी झाक येते, ती रंगाशिवायही शोभते.

लाटणे, छाप आणि अक्षरे

पोळपाटावर मैदा भुरभुरून अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी. याहून पातळ टॅग वाकतो, जाड टॅग आतून ओला राहतो. गोल आकाराला वाटी किंवा डब्याचे झाकण पुरते. नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, कातणे कडेला फिरवले तर नागमोडी काठ मिळतो, आणि फराळाच्या डब्यावर असा टॅग फार साजतो. भोक स्ट्रॉने पाडावे, काठापासून निदान एक सेंटिमीटर आत. वाळताना कणीक आक्रसते आणि भोकही लहान होते, म्हणून दोऱ्याला लागते त्याहून मोठे ठेवावे.

नक्षीसाठी विकतचे साचे लागत नाहीत. पावसाळ्यानंतर कुंपणावर उरलेल्या नेच्याचे पान पोळीवर ठेवून वरून एकदाच लाटणे फिरवले की शिरांसकट ठसा उठतो. पान उलट बाजूने ठेवावे, कारण शिरा पाठीमागे उठावदार असतात. जुन्या साडीची लेस, अबोलीचे फूल, भाताची लोंबी यांचेही ठसे सुरेख येतात. फूल लगेच उचलून घ्यावे, आत राहिले तर काळे पडते.

गोव्याच्या दृष्टीने सर्वांत जवळची नक्षी म्हणजे कावी. कोकणात आणि गोव्यात काही जुन्या मंदिरांच्या भिंतींवर दिसणाऱ्या या कलेत चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात, आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. टॅगवर हे हुबेहूब करता येते. कणीक थोडी सुकली, म्हणजे बोटाला चिकटेनाशी झाली, की तिच्यावर पाण्यात कालवलेल्या गेरूचा पातळ हात द्यावा. गेरू मॅट झाला पण अजून ओलसर आहे, अशा वेळी दाभणाने वेलबुट्टी खरवडावी. खालची पांढरी कणीक वर येते. हात थरथरला तरी बिघडत नाही, भिंतीवरच्या कावीतही कारागिराच्या हाताची चाल दिसतेच.

देवनागरी अक्षरांसाठी एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. बाजारात मिळणारे अक्षरछाप बहुधा रोमन असतात, त्यामुळे ‘आजीस’, ‘मावशीस’, ‘शुभ दीपावली’ हे हातानेच लिहावे लागते. टूथपिकने अक्षरे कोरली आणि वर शिरोरेघ टॅगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली, की ती रेघ म्हणजे तडा जाण्याची तयार जागा होते. टॅग वाळताना किंवा दोरा ताणताना नेमका तिथेच मोडतो. अक्षरांच्या उभ्या रेघा आणि वळणे कोरावीत, शिरोरेघ वाळल्यानंतर बारीक ब्रशने रंगवावी. एवढ्याने टॅग वाचतो, आणि अक्षरही ठसठशीत दिसते.

वाळवणे

सगळे काम बिघडते ते इथे. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आत ओलावा राहतो, आणि मग भेगा पडतात. म्हणून ताजे टॅग थेट उन्हात टाकू नयेत. पहिला दिवस सावलीत, तारेच्या जाळीवर किंवा सुपात पसरून, तीन-चार तासांनी उलटत. दुसऱ्या दिवसापासून ऊन. सांडगे-पापडांना लागते तेच लक्ष इथेही लागते. किनाऱ्याजवळच्या गावांत हिवाळ्यातही संध्याकाळी हवा दमट होते आणि पहाटे दंव पडते, तेव्हा ऊन उतरायच्या आत टॅग घरात आणावेत. असे तीन-चार दिवस.

ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, असेल तर एक दिवस सावलीत ठेवून मग १०० ते ११० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. उष्णता वाढवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगे येतात आणि मैदा तांबूस होतो. टॅग ओव्हनमध्येच गार होऊ द्यावेत.

वाळला की नाही हे पाहण्याची खूण: टॅग पालथा करून मधोमध गालाला लावावा. थंड लागला तर आत अजून पाणी आहे. नखाने टिचकी मारली तर ओला टॅग बद्द वाजतो, वाळलेला चिनीमातीसारखा टणटणतो.

रंग, वॉर्निश, दोरा

पोस्टर रंग किंवा अ‍ॅक्रिलिक चालतात. हळद कणकेत मळली तर सुंदर पिवळा येतो, पण उजेडात तो महिन्या-दोन महिन्यांत विटतो. नंतर वॉर्निशचे दोन हात, दोन्ही बाजूंना आणि कडांना. भोकाच्या आतली कड बहुतेकजण विसरतात, आणि दमटपणा नेमका तिथून शिरतो. ओल्या टॅगवर वॉर्निश कधीही लावू नये. आतले पाणी कोंडते आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

ओवायला तार किंवा टाचणी नको, मिठाने लोखंड गंजते आणि टॅगवर तांबडे डाग उतरतात. सुतळी, काथ्याचा बारीक दोरा किंवा सुती फीत बरी. वळेसर, म्हणजे फुलांची वेणी, गुंफतात तो केळीच्या सोपाचा तंतू दिसायला सर्वांत देखणा, पण सुकला की तुटतो, त्यामुळे त्याच दिवशी द्यायच्या भेटीलाच तो बांधावा. दोदोल, बेबिंक, कुलकुल या नाताळच्या गोडांच्या किंवा चिवड्याच्या पाकिटावर टॅग बाहेरून लोंबता ठेवावा, खाद्याला लागू देऊ नये.

घरात कुत्रा असेल तर कच्ची कणीक आणि वाळत घातलेले टॅग त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवावेत. एवढे मीठ पोटात गेले तर कुत्र्याच्या जिवावर बेतते, आणि अंगणात सुपे पसरलेल्या घरी ही दक्षता पहिली घ्यावी. लहान मुलांनाही हे खाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवावे.

उरलेले टॅग मृगाच्या आधी कागदात एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या किंवा फडक्यात बांधलेले भाजलेले तांदूळ. रंग-वॉर्निश न लावलेला टॅग नको झाला तर पाण्यात टाकला की रात्रीत त्याचा चिखल होतो. त्या खारट पाण्याने झाडे जळतात, म्हणून ते तुळशीत किंवा कुंडीत न ओतता मोरीत सोडावे.