द्राक्षवेलीची झोप आणि पिंपातली शार्डोने

बेदाण्याचा माल उतरवायचा की अजून चार दिवस थांबायचे, हे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यातला बागायतदार जीभ आणि ब्रिक्समीटर, म्हणजे रसाची गोडी मोजणारी नळी, दोघांना विचारून ठरवतो. तेलसंगच्या बाजूच्या बागांत फेब्रुवारी-मार्चमध्ये हे रोज चालते. घडाच्या मधला एक मणी घ्यायचा, बोटांनी चिरडून रसाचा थेंब काचेवर पाडायचा, झाकण मिटायचे आणि नळी उजेडाकडे धरून आत बघायचे. वर निळा, खाली पांढरा. दोन्हींची सीमा 22च्या रेघेवर आली की 100 ग्रॅम रसात साधारण 22 ग्रॅम विरघळलेले घटक आहेत, आणि त्यातली बहुतेक साखर आहे. बेदाण्याला ही गोडी चालते, आणखी एक-दोन अंश चढली तर वजन अधिक भरते.

फ्रान्सच्या बर्गंडी भागातला शेतकरी सप्टेंबरमध्ये शार्डोने जातीच्या पांढऱ्या द्राक्षाचा थेंब असाच तपासतो, आणि त्याचाही आकडा 22च्या आसपासच असतो. गोडीत दोन्ही थेंब सारखे. तरी एकाचा उत्तम बेदाणा होतो आणि दुसऱ्याची ओकच्या पिंपात आंबवलेली, दहा-पंधरा वर्षे टिकणारी वाईन होते. जात वेगळी आहे हे खरेच. पण तीच शार्डोने उद्या अथणीत लावली तरी बर्गंडीचा थेंब मिळणार नाही. कारण आम्लात आहे, आणि आम्लामागे थंडी आहे.

द्राक्षात मुख्य आम्ले दोन. एक टार्टारिक, चिंचेतले. दुसरे मॅलिक, कच्च्या सफरचंदातले. टार्टारिक चिवट असते, मणी पिकताना फारसे जळत नाही. मॅलिकचे तसे नाही. मण्यात पाणी भरून तो मऊ पडू लागला की त्याच्या पेशी श्वसनासाठी मॅलिक आम्ल वापरू लागतात, आणि जितकी उष्णता जास्त तितका हा वापर वेगाने होतो. बर्गंडीत मणी पिकतात तेव्हा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो, रात्री गारठा असतो. साखर हळूहळू चढते आणि मॅलिक बरेचसे शिल्लक राहते. अथणीत मणी पिकतात ते उन्हाळा चढत असताना. मार्चची दुपार 35 अंशांच्या पलीकडे जाते, त्यामुळे साखर भराभर भरते आणि मॅलिक त्याहून भराभर संपते. शार्डोनेला वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान ढोबळमानाने 14 ते 17 अंश मानवते. आपल्याकडे बेळगाव शहराला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात, डिसेंबरच्या पहाटे स्वेटर लागतो, पण इतकी थंडी तिथेही टिकत नाही. शिवाय बेळगाव-खानापूरकडचा पाऊस द्राक्षाला सोसत नाही. म्हणून बागा आहेत त्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या कोरड्या अथणीत.

आता वेलीकडे वळू, कारण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक मण्यात नसून खोडात आहे.

थंड मुलखातली वेल वर्षातून एकदाच फळते आणि हिवाळ्यात झोपते. फळ उतरल्यावरही तिच्यावर काही आठवडे हिरवी पाने असतात. ती पाने आता कोणासाठी राबत नाहीत, जे अन्न करतात ते पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात मुळांत आणि खोडात जाऊन साठते. मग पानगळ होते, काडी तांबूस-तपकिरी होते आणि तिच्यावरचे डोळे, म्हणजे पुढच्या फुटीचे अंकुर, मिटतात. काही आठवडे पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय हे डोळे नीट उघडत नाहीत. वसंतात फूट येते तेव्हा पहिली पाने स्वतःच्या कमाईवर वाढत नाहीत, खोडातल्या साठ्यावर वाढतात.

आमच्या बागेत वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन, म्हणजे माल उतरलेल्या काड्या खालपासून छाटून, आपण तिला पुन्हा फुटायला लावतो. त्या उन्हात नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. मग ऑक्टोबरच्या आगेमागे फळ छाटणी, पुन्हा नवी फूट. वर्षातून दोनदा वेल साठ्यावर हात टाकते. डोळे सारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर पेस्टिंग करतात, म्हणजे डोळ्यांना औषध लावतात, त्यातले हायड्रोजन सायनामाइड डोळ्याच्या श्वसनात असा बिघाड घडवते की, थंडी मिळाल्यावर जी साखळी सुरू होते तीच सुरू व्हावी. न आलेला हिवाळा आपण बाटलीतून लावतो. शेतकऱ्याची ही हुशारी थोर आहे, उष्ण कटिबंधात द्राक्ष पिकवणे तिच्यामुळेच जमले. पण त्याचा हिशेब वेल चुकता करते. बारा-पंधरा वर्षांत उत्पन्न उतरू लागते आणि बाग काढायची वेळ येते. बाजारात नवी जात आली तर त्याआधीच.

ओआयव्ही या आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेने 2024 मध्ये जुन्या वेलीची व्याख्या केली: वय 35 किंवा त्याहून अधिक. आमच्याकडे या वयाची बाग शोधावी लागेल. युरोपात मात्र स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरात चारशेहून अधिक वर्षांची एक वेल अजून फळते.

जुन्या वेलीची वाईन चांगली, असे सरसकट म्हटले जाते. त्यातला बराचसा भाग विक्रीचा आहे असे माझे मत आहे. वय वाढले म्हणून मण्यात कुठला नवा पदार्थ येत नाही. मुळे, साठा आणि कमी भार या तीन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. बर्गंडीत बागेला पाणी देत नाहीत, त्यामुळे वेलीची मुळे पाण्याच्या शोधात चुनखडीच्या भेगांतून खोल उतरतात. कोरड्या वर्षी तरणी वेल कोमेजते तेव्हा जुनीला खालून ओल मिळत राहते, आणि अतिपावसातही ती एकदम फुगत नाही. जाड खोडात स्टार्च भरपूर असल्याने एखादे वाईट वर्ष ती सोसते. वयाने, कधी खोडाच्या रोगांनी तर कधी विषाणूंनी घड कमी लागतात, आणि काही जुन्या शार्डोने वेलींवर एकाच घडात मोठे मणी आणि बारीक मणी मिसळून येतात. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणजे सालीतल्या सुगंधी घटकांचे प्रमाणही जास्त.

मुळांचा फरक तर आमच्याकडे फावड्याने बघता येतो. ठिबकच्या नळीखाली खणा. पांढऱ्या मुळांचे जाळे त्या ओल्या गोळ्यातच दाटलेले असते. रोज पाणी जागेवर मिळत असताना वेल मुरमात खोल का जाईल? ती मुळे बहुधा डॉगरीज या खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाची, असतात. हा खुंट अमेरिकेतल्या रानद्राक्षाच्या वंशाचा, पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो म्हणून आमच्याकडे आला. बर्गंडीची वेलही अमेरिकी वंशाच्या मुळांवरच उभी आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि अमेरिकी खुंटावर कलम हाच टिकाऊ उपाय निघाला. शार्डोनेच्या वंशाविषयी 1999 मध्ये डीएनए तपासणीतून कळले ते मला फार आवडते: ती पीनो आणि ग्वे ब्लाँ यांच्या संकरातून आली. पीनो मानाची जात. ग्वे ब्लाँ इतकी सामान्य समजली गेली की तिच्या लागवडीवर वेळोवेळी बंदी आली.

थंडीची किंमतही असते. शार्डोनेचे डोळे लवकर उघडतात आणि एप्रिलमध्ये दहिवर गोठले की कोवळी फूट एका रात्रीत काळी पडते. 2021च्या एप्रिलमध्ये बर्गंडीत असेच झाले. तिथले शेतकरी ओळींमध्ये शेकडो मोठ्या मेणबत्त्या पेटवून रात्र काढतात. आमचा माणूस अवकाळी, गारपीट आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाला भितो, त्यांचा माणूस पहाटेच्या शून्य अंशाला.

आता रस. घड दाबून काढलेला रस रात्रभर गार ठेवतात, जाड गाळ बसतो आणि वरचा रस पिंपात जातो. बर्गंडीचे पिंप 228 लिटरचे असते. ते काठोकाठ भरत नाहीत, फेसाला जागा ठेवतात. यीस्ट कामाला लागते, ग्लुकोजच्या एका रेणूतून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू. ढोबळमानाने लिटरमागे 17 ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल, म्हणून 22 ब्रिक्सच्या रसाची वाईन साडेबारा टक्क्यांच्या आसपास जाते.

या कामात उष्णता निघते, आणि ती थोडीथोडकी नाही. सगळी रसातच कोंडली तर रस जवळजवळ 28 अंशांनी तापेल. 12 अंशांवर सुरुवात केली तरी 40 गाठेल, तिथे यीस्ट मरायला लागते. म्हणून मोठ्या स्टीलच्या टाकीला गार पाण्याचे वेष्टण लागते. पिंपाला लागत नाही. मोठे भगुने निवायला वेळ लागतो आणि वाटीतले दूध लगेच निवते, तसेच हे: आकारमानाच्या मानाने पिंपाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता फळ्यांतून तळघराच्या गार हवेत जात राहते आणि रस 20 ते 25 अंशांवर राहतो. अथणीच्या मार्चमध्ये ही हवाच गार नसते. तिथे यंत्राशिवाय पिंप चालणार नाही.

लाकडाविषयी एक गोष्ट पहिल्यांदा वाचताना उलटी वाटते. पिंपात आंबवलेल्या वाईनमध्ये लाकडाचा वास जास्त येईल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात स्टीलमध्ये आंबवून नंतर पिंपात भरलेल्या वाईनला तो जास्त येतो. ओकच्या फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर पावसा-उन्हात वाळवतात आणि पिंप बांधताना आतून विस्तवावर भाजतात. भाजल्याने लाकडातले लिग्निन फुटून व्हॅनिलिन सुटते, व्हॅनिलाच्या शेंगेतला तोच वास. पण आंबत्या रसातले जिवंत यीस्ट हे व्हॅनिलिन बदलून टाकते, त्याचा जवळजवळ वास नसलेला पदार्थ होतो. लाकडाचे काही टॅनिनही यीस्टच्या पेशीभित्तिकांना चिकटून गाळात बसते. म्हणजे यीस्ट लाकडाला चाळून आत घेते. यीस्ट मेल्यानंतर भरलेल्या वाईनला हा पहारेकरी नसतो.

मेलेले यीस्टही कामाचे. तळाचा बारीक गाळ महिनोन् महिने तसाच ठेवतात, अधूनमधून काठीने ढवळतात. पेशी फुटतात, त्यांच्या भिंतींतली मॅनोप्रोटीन वाईनमध्ये येतात आणि तोंडात भरीवपणा आणतात. फळ्यांतून झिरपणारा थोडासा प्राणवायू हाच गाळ गिळतो, म्हणून वाईन तपकिरी पडत नाही.

वसंतात तळघर जरा ऊबदार झाले की दुसरा बदल सुरू होतो. ईनोकॉकस ईनी नावाचे जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, जे आपल्या दह्यात असते. आंबटपणा नरम होतो आणि डायअॅसिटिल तयार होऊन लोण्याचा वास येतो. मॅलिक मुळात भरपूर होते म्हणूनच हे परवडते. उष्ण भागातल्या रसात हा बदल होऊ दिला तर वाईन सपक होते, मग तो रोखावा लागतो किंवा वरून टार्टारिक घालावे लागते. पिंप, गाळ, जिवाणू, सगळ्यांचा खर्च त्या शिल्लक आम्लातून भागतो.

2007 मध्ये कर्नाटक सरकारने द्राक्षप्रक्रिया व वाईन धोरण आणले, तेव्हापासून कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत वाईन द्राक्षाची चर्चा होत असते. मला वाटते, आमच्या उन्हाला बर्गंडी व्हायला सांगू नये. पहाटे अंधारात काढणी, छोटे क्रेट, लगेच थंड खोली आणि स्टीलची टाकी, या मार्गाने आम्ल जपलेली ताजी वाईन उष्ण भागातही होते. पण वेलीच्या झोपेचा प्रश्न बेदाण्याच्या बागेलाही लागू आहे. माल उतरल्यावर लगेच कात्री न लावता दोन-तीन आठवडे पाणी-खत देऊन वेलीला विसावा द्यावा, असे द्राक्षतज्ज्ञ सांगतात. टँकरच्या पाण्यावर बाग जगवणाऱ्याला ते जड जाते हे मला कळते, तरी तो विसावा म्हणजे हिरव्या पानांनी साठा भरायचा आपल्याकडचा महत्त्वाचा अवकाश आहे.

तो भरला का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. खरड छाटणीच्या वेळी विसावा दिलेल्या ओळीतली एक पक्व काडी आणि न दिलेल्या ओळीतली एक, दोन्ही सारख्या जाडीच्या, धारदार पात्याने आडव्या कापा. मेडिकलमधले टिंक्चर आयोडीन पाण्यात थोडे पातळ करून कापावर दोन थेंब सोडा आणि पाच मिनिटांनी पाण्याने धुवा. स्टार्च असेल तिथे गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषा निळ्या-काळ्या होतात, नसेल तिथे काप पिवळट राहतो. शाळेतल्या मुलांना सोबत घ्या, बटाट्यावरचा हाच प्रयोग त्यांच्या पुस्तकात असतो. दोन्ही कापांचा फोटो काढून ओळीच्या नंबरासह वहीत लावा, आणि त्याच ओळींत फळ छाटणीनंतर घड किती निघतात ते पुढे लिहा.