सह्याद्रीचा ब्लॅकबर्ड वेगळा कसा ठरला

सिंहगड, ताम्हिणी, भीमाशंकरच्या पावसाळी फेऱ्यांच्या जुन्या वह्या चाळल्या, तर ब्लॅकबर्ड या कस्तुरवर्गीय पक्ष्यापुढे ‘टर्डस मेरुला’, म्हणजे युरेशियन ब्लॅकबर्डचं शास्त्रीय नाव, लिहिलेलं दिसतं. आताच्या नोंदींत त्याच पक्ष्यापुढे ‘टर्डस सिमिलिमस’, म्हणजे भारतीय ब्लॅकबर्डचं नाव, असतं. त्यामुळे पुण्यात नव्याने पक्षीनिरीक्षण करू लागलेल्यांचा समज होतो की पूर्वी इथे युरेशियन ब्लॅकबर्ड यायचा आणि आता भारतीय येतो. पक्षी तोच आहे. त्याला कुठल्या जातीत धरायचं, तो निर्णय बदलला.

मेरुला हे नाव १७५८चं. नीलगिरीतल्या पक्ष्याचं वर्णन ‘सिमिलिमस’ या नावाने १८३९ मध्ये झालं, आणि आपल्याकडच्या काळ्या टोपीवाल्याचं, म्हणजे ‘नायग्रोपिलियस’चं, त्यानंतर वर्षभरात. पुढे विसाव्या शतकात सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांना एका जातीखाली आणायची पद्धत रूढ झाली. युरोप, तिबेट, चीन, सह्याद्री, श्रीलंका, सगळीकडचे ब्लॅकबर्ड मेरुलाच्या उपजाती ठरले. पुण्यातल्या जुन्या निरीक्षकांच्या हातात त्याच काळातली पुस्तकं होती, म्हणून वह्यांत तेच नाव उतरलं.

हे गाठोडं २००५च्या सुमारास सुटलं, नीलगिरी-सह्याद्रीतले पक्षी ‘सिमिलिमस’ या वेगळ्या जातीत गेले, आणि वादही तिथेच आहे. एरवी दोन जाती वेगळ्या की एकच, हे त्या एकत्र राहत असतील तिथे आपसात वीण करतात का यावरून ठरवता येतं. सह्याद्रीतला ब्लॅकबर्ड आणि युरोपातला ब्लॅकबर्ड विणीच्या काळात कधी समोरासमोरच येत नाहीत. मग उरतो फरकांचा हिशेब. आपला पक्षी १९-२० सेंटिमीटरचा, युरेशियन साधारण २४ ते २९. आपल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं रुंद. पंखातल्या पिसांच्या लांबीचं प्रमाण, अंड्यांचा रंग आणि आवाज, हेही वेगळे. तिबेटी पक्षी याच वेळी निराळा काढला गेला, कारण त्याला पिवळं कडं मुळीच नाही आणि गाण्यात त्या गोड शिळाही नाहीत.

यावर आक्षेप असा, की मग भारतातल्या भारतातच केवढा फरक आहे! नीलगिरीचा नर काळपट तपकिरी, नुसत्या रंगावरून युरोपच्या नराला जवळचा वाटेल असा. आपला नर राखट तपकिरी आणि डोक्यावर स्पष्ट काळी टोपी. या दोघांना एका जातीत ठेवायचं आणि युरोपच्या पक्ष्याला बाहेर काढायचं, हे कसं? आक्षेप वजनदार आहे. पण रंग हे ब्लॅकबर्डमध्ये सर्वात कच्चं लक्षण आहे. आकारमान, कडं आणि आवाज ही लक्षणं नीलगिरीपासून सह्याद्रीपर्यंत एका बाजूला पडतात, म्हणून विभागणी योग्यच झाली असं मला वाटतं. जागतिक याद्यांनी ती मागेपुढे स्वीकारली.

पुण्यापुरतं बोलायचं तर युरेशियन ब्लॅकबर्ड इथे शोधायचं कारण नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर उंच फांदीच्या टोकाला बसून गाणारा, इतर पक्ष्यांच्या नकला मध्येच गुंफणारा, नारिंगी चोचीचा टोपीवाला नर म्हणजे नायग्रोपिलियस. पाऊस सरल्यावर यातले काही दक्षिणेकडे सरकतात. हिवाळ्यात घोटाळा होतो तो टिकेलच्या कस्तुराशी. त्याचा नर निळसर राखाडी, चोच पिवळी आणि पोट पांढरट. आपल्या नराचं पोट पांढरं नसतं आणि टिकेलला काळी टोपी नसते. माद्यांना जास्त वेळ द्यावा लागतो: टिकेलच्या मादीच्या गळ्यावर रेघा असतात, पोट पांढुरकं असतं, ब्लॅकबर्डची मादी बहुतांशी एकसारखी तपकिरी, खालून थोडी फिकी.

ऑनलाइन नोंदींमध्ये जुनी नावं ठिकाणावरून आपोआप बदलली गेली. वह्यांचं तसं होत नाही, आणि त्या कॉम्प्युटरवर चढवताना आजही ‘मेरुला’ जसंच्या तसं जातं. तिथे नाव सिमिलिमस करावं, मूळ नोंद शेऱ्यात ठेवावी आणि टोपीचा उल्लेख असेल तर तो गाळू नये. कारण टोपीवाल्याला नीलगिरीच्या पक्ष्यापासून वेगळी जात मानायचं की नाही हा प्रश्न उद्या पुढे आला, तर उत्तर सह्याद्रीतल्या अशाच नोंदींवर आणि ध्वनिमुद्रणांवर तपासलं जाईल.