गरम अँबॅसिडर पुन्हा सुरू का होत नाही?

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झालेली जुनी पेट्रोल अँबॅसिडर खंडाळ्याचा घाट चढते, चहाला थांबते आणि नंतर हलायचं नाव घेत नाही. बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल. मग बहुतेक जण ॲक्सिलरेटर दाबत-सोडत सेल्फ मारत बसतात. तसं करू नका. लक्षण एकच असलं, तरी त्यामागे अगदी उलट असे दोन बिघाड असतात: एकात पेट्रोल जास्त होतं, दुसऱ्यात ते पोचतच नाही.

इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण तापलेलं लोखंड उष्णता सोडतच राहतं. त्यामुळे बॉनेटखालचा भाग थोडा वेळ उलट जास्तच तापतो. अँबॅसिडरच्या 1489 सीसी इंजिनात तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला गरम वायू बाहेर नेणारा नळ) एकाच बाजूला असतात. पेट्रोलमधले हलके घटक मात्र 35-40 अंश सेल्सियसलाच उकळू लागतात.

फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल उकळलं, तर ते जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून बाहेर येऊन इंजिनात उतरतं. मिश्रण इतकं दाट होतं की ठिणगी पडूनही पेटत नाही. याउलट, उकळी पंपात किंवा त्याच्या अलीकडच्या पाइपात फुटली, तर वाफ अडकते. डायफ्राम (पंपाचा लवचीक पडदा) ती वाफ नुसती दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. पंप ओढतो तिथे दाब कमी असतो, म्हणून तिथे उकळी आणखी लवकर फुटते.

आधी वास घ्या. पेट्रोलचा दर्प येत असेल आणि प्लग ओला निघाला, तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा; जादा हवा मिश्रण पातळ करते. वास नाही, प्लग कोरडा? मग एअर क्लीनर काढून टॉर्चच्या उजेडात बघत थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्बोरेटरची झडप) हाताने एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली नाही, तर पुरवठा तुटलाय. ओलं फडकं पंपावर ठेवा, मॅनिफोल्डवर नव्हे. धार उडते आणि प्लगही कोरडा, तर ठिणगी तपासा; तापलेली इग्निशन कॉइलही दगा देते.

पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉलही विचारात घ्यायला हवं. ते स्वतः 78 अंशांना उकळतं, तरी थोड्या प्रमाणात मिसळलं की पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे त्याची वाफ सहज होते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम त्याने खराब होतात, म्हणून ते आधी बदला. त्यानंतर फ्लोटची पातळी, कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक ठोकळा आणि पाइप मॅनिफोल्डपासून किती लांब आहे, ते बघा.