मासळीच्या टाकाऊ भागांतून विकरे

मासे साफ करताना निघणारी आतडी, यकृत, डोकी, कल्ले आणि कोळंबीची साले यांतून उपयुक्त विकरे, म्हणजे एन्झाइमे, वेगळी काढण्याची प्रक्रिया. यांतला सर्वांत मोलाचा भाग पोटातला, आणि नेमका तोच आधी नासतो.

विकराचे नाव ठाऊक नसले, तरी त्याचे काम मासळी घेणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. बर्फाविना राहिलेल्या तारलीचे पोट मऊ पडून फुटते. हे एकट्या जंतूंचे काम नव्हे. मासा मेल्यावर त्याची स्वतःचीच पाचक विकरे पोटाची भिंत पचवू लागतात. मासळी नासवणारी हीच शक्ती ताब्यात घ्यायची, एवढाच या प्रक्रियेचा गाभा.

बेळगावच्या सीमाभागात मासळी दोन वाटांनी येते. घटप्रभेवरचे हिडकल, मलप्रभेवरचे नविलुतीर्थ आणि गावोगावची तळी यांतून रोहू, कटला, मृगळ; तर चोर्ला आणि आंबोली घाट चढून बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी. खाणाऱ्याला फरक चवीचा, विकर काढणाऱ्याला पोटाचा. रोहू-कटला ज्या कार्प कुळातले, त्या कुळातल्या माशांना जठरच नसते. त्यामुळे त्यांच्यापासून पेप्सिन, म्हणजे जठरातले प्रथिने पचवणारे विकर, मिळत नाही. लांबलचक आतड्यातून आणि यकृतात विखुरलेल्या स्वादुपिंडाच्या ऊतींतून ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन ही प्रथिने पचवणारी आणि अमायलेज हे पिष्ट पचवणारे विकर मिळते. बांगड्याला मात्र जठर असते, त्यातून पेप्सिन निघते. पेप्सिनला आम्ल मानवते, ट्रिप्सिनला सौम्य अल्कली. एकाला पोषक द्रावणात दुसरे निकामी होते. बाजारात साऱ्या पाट्यांवरची आतडी एकाच पिंपात पडतात, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. रसायनशास्त्र त्या मानाने सोपे.

रोहू कापणारा हात पित्ताची हिरवी पिशवी अलगद उचलून बाजूला टाकतो, कारण ती फुटली की मांस कडू होते. विकरासाठीही हेच करावे लागते. (औषध म्हणून हे पित्त कच्चे गिळणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.) उरलेली आतडी धुऊन गोठवतात, वाटतात, थंड अ‍ॅसिटोनने चरबी काढून कोरडी भुकटी करतात. ती कॅल्शियम घातलेल्या, सुमारे ८ पीएचच्या, म्हणजे सौम्य अल्कली द्रावणात भिजवली की ट्रिप्सिन उतरते. कॅल्शियमने ते टिकते. पुढे अमोनियम सल्फेट या क्षाराने विकराचा साका खाली बसवून, मग तो क्षार काढून शुद्धीकरण होते. सारे काम बर्फाच्या गारव्यात.

थंड समुद्रातल्या प्राण्यांची विकरे कमी तापमानातही चपळ असतात आणि थोड्या उष्णतेने मरतात. उत्तरेकडच्या थंड समुद्रांतल्या कोळंबीतले अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर याच गुणामुळे डीएनएच्या प्रयोगशाळांत वापरतात: काम झाले की ६५ अंशांवर तापवून ते संपवता येते. आपल्याकडच्या उष्ण पाण्यातल्या माशांचे ट्रिप्सिन उलट ५०–६० अंशांवर सर्वाधिक जोमात असते. ते धुलाईच्या पावडरीला किंवा कातडी कमावायला अधिक सोयीचे.

कातड्याचा विषय या भागाला परका नाही. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे. अथणी-निपाणीच्या चपला प्रसिद्धच. कातडे मऊ करण्याच्या ‘बेटिंग’ या पायरीसाठी युरोपात पूर्वी कुत्र्याची वा कबुतरांची विष्ठा वापरीत. १९०७ च्या सुमारास जर्मनीत ओटो रोम यांनी त्याऐवजी जनावरांच्या स्वादुपिंडाची विकरे आणली. माशाचे ट्रिप्सिन त्याच जातीचे काम करते.

शुद्ध विकर काढायला शीतसाखळी लागते, त्यामुळे छोट्या बाजाराला ते सहज परवडत नाही. तिथे सायलेज हा मार्ग उरतो: कापलेल्या अवशेषांत वजनाच्या सुमारे ३ टक्के फॉर्मिक आम्ल कालवून पिंप झाकून ठेवायचे. आम्लाने जंतू थोपतात, आम्ल सोसणारी विकरे चालू राहतात आणि काही दिवसांत सारे पातळ होते. हा लगदा कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात मिसळतात.