जॉन फोल्ड्स आणि रेडिओवरची पेटीबंदी

मँचेस्टरचे चेलोवादक आणि संगीतकार जॉन फोल्ड्स १९३५ मध्ये भारतात आले. १९३७ मध्ये दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीत विभाग त्यांच्याकडे आला. भारतीय वादकांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवून त्यांनी वाद्यवृंद उभा केला. हे काम फार कठीण होते. ऐकून उचलणाऱ्या, ऐनवेळी जागा घेणाऱ्या वादकाला कागदावर आहे तेवढेच, तितक्याच मात्रांत वाजवायला लावायचे होते. या कामाची आठवण आज फारशी कुणाला नाही. नाव निघते ते पेटीमुळे, म्हणजे हार्मोनियममुळे.

'पेटीवर बंदी फोल्ड्सने आणली' हे सर्रास बोलले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. १९३८ मध्ये रेडिओच्या इंग्रजी पाक्षिकात त्यांनी पेटीवर कडक टीका केली. मात्र एप्रिल १९३९ मध्ये कॉलऱ्याने कलकत्त्यात त्यांचे निधन झाले, आणि बंदी लागू झाली १ मार्च १९४० रोजी. तोवर रेडिओचे वरिष्ठ अधिकारी आणि बंगालचे विश्वविख्यात कवी रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते.

'बंदी' हा शब्दही जपून वापरावा. मनाई रेडिओपुरती होती. मैफलीत, कीर्तनात, नाटकात पेटी वाजतच राहिली. साथीची मनाई १९७१ च्या सुमारास अटींसह सैल झाली, एकलवादनाला मात्र पुढेही बराच काळ थांबावे लागले. पेटीवर वाढलेल्या नाट्यपदांवर हा उघड अन्याय होता.

आक्षेपात तथ्य होते. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही. शिवाय पेटीच्या समविभागी (बारा सारख्या भागांच्या) सप्तकातला शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा) चढा असतो. षड्ज पांढरी एकचा, म्हणजे सुमारे १३०.८ हर्ट्झचा धरला, तर तंबोऱ्याचा गांधार त्याच्या पाचपट, म्हणजे ६५४ वर आणि पेटीचा त्याच सप्तकातला गांधार ६५९ वर येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाचेक आंदोलने, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून तो खटकत नाही.

पण गांधाराचा हा दोष जुळवणीचा आहे, वाद्याचा नाही. गांधार ट्यूनिंगमध्ये सुराची जीभ (हवेने कंप पावणारी धातूची पाती) मुळाशी खरवडून गांधार उतरवतात. टोकाशी खरवडले तर सूर चढतो, आणि जास्त खरवडले तर जीभ कमजोर होऊन तुटते. गायकाने पट्टी बदलून पांढरी दोन धरली, की तोच उतरवलेला गांधार रिषभ म्हणून कणसूर लागतो. त्यामुळे अशी पेटी एकाच पट्टीची होऊन बसते.