बटण सुटलं, हे रिमोट सांगत नाही

कीबोर्डची कळ दाबली की एक संदेश येतो, सोडली की दुसरा. टीव्हीच्या रिमोटला दुसरा संदेश ठाऊकच नाही. ऑपरेटिंग सिस्टीमला रिमोटच्या बटणाची कळ करून घ्यायची, तर पेच इथेच पडतो.

बटण दाबलं की एलईडीतून 38 किलोहर्ट्झच्या लुकलुकीचे छोटे-मोठे झोत निघतात. टीएसओपी 38238 सारखा तीन पायांचा रिसीव्हर ती लुकलुक गाळतो आणि झोत कुठे सुरू झाला, कुठे थांबला एवढंच पुढे देतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये साध्या रिसीव्हरचा ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा प्रोग्राम) फक्त या लांब्या मोजतो. अर्थ लावायचं काम कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातल्या डीकोडरांचं. ही वाटणी शहाणपणाची आहे. रिसीव्हर बदलला तरी डीकोडर तेच राहतात.

एनईसी या संकेत पाठवण्याच्या पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांचा झोत, 4.5 मिलिसेकंदांचा विराम, मग 32 बिटं. प्रत्येक बिटाचा झोत सुमारे 562 मायक्रोसेकंदांचा. त्यामागचा विराम तेवढाच असेल तर 0, तिप्पट असेल तर 1.

बटण दाबून धरलं, तर दर 110 मिलिसेकंदांच्या आसपास फक्त एक आखूड ‘पुन्हा तेच’ खूण येते. सोडल्यावर? काहीच नाही. म्हणून कर्नल घड्याळ लावतो: ठरल्या वेळात खूण आली नाही, तर बटण सुटलं असं धरायचं. ही मुदत कमी ठेवली तर आवाज वाढवताना पट्टी अडखळते. जास्त ठेवली तर बोट उचलल्यावरही कळ दाबलेलीच राहते आणि मेनू एखादं घर पुढे सरकतो.

फिलिप्सच्या आरसी-5 या दुसऱ्या पद्धतीत दाबून धरल्यावर दरवेळी पूर्ण संकेत येतो. मग 55 क्रमांकाच्या चॅनेलसाठी 5 दोनदा दाबला, की एकदाच लांब दाबला? त्यासाठी एक बिट राखीव आहे. नव्याने दाबलं की तेवढंच उलटतं.

राहिला सांकेतिक क्रमांक आणि कळ यांचा तक्ता. तो तक्ता चढवणाऱ्या ‘आयआर-कीटेबल’ या प्रोग्रामच्या चाचणीत बटण दिसतं, पण एक्स 11 या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर ‘ओके’ दाबून काही होत नाही, अशी तक्रार नेहमीची. कर्नलमध्ये ‘की-ओके’चा क्रमांक 352, एक्स 11 मध्ये 255 च्या वरचा क्रमांक मावत नाही. तक्त्यात त्या बटणापुढे ‘की-एंटर’ (28) लिहा आणि तक्ता पुन्हा चढवा.