वर्षावनांवरील हवेतील कवक

वर्षावनांवरील हवेतील कवक : उष्ण कटिबंधातील वर्षावनांच्या झाडीत आणि तिच्या माथ्यावरच्या हवेत तरंगणारे कवकांचे (बुरशी, भूछत्रे, तांबेरा इत्यादींचे) बीजाणू, कवकतंतूंचे तुकडे आणि बीजाणूंबरोबर उडालेले क्षारकण. ॲमेझॉनचे खोरे आणि बोर्निओ येथे त्यांचा विशेष अभ्यास झाला आहे. हवेतली बुरशी म्हटले की वाऱ्यावर उडणारी कोरडी भुकटी डोळ्यांपुढे येते. वर्षावनात हे चित्र जवळजवळ उलटे करावे लागते. तिथे बीजाणूंचा मोठा भाग वारा पडल्यावर, दमट रात्री, कवकाच्या स्वतःच्या बळावर हवेत शिरतो.

त्या बळाचे मूळ पाण्यात आहे. भूछत्रे व त्यांच्या गटातील इतर कवकांमध्ये (बॅसिडिओमायसीट) बीजाणूच्या बुडाशी मॅनिटॉलसारखी शर्करा पाझरते. ती दमट हवेतली वाफ ओढून घेते आणि तिथे एक इवलासा थेंब धरतो. बीजाणूच्या अंगावर पाण्याचा दुसरा पातळ थर साचत असतो. थेंब फुगत फुगत त्या थराला टेकला की दोन्ही क्षणात एक होतात, पृष्ठताणाची ऊर्जा सुटते आणि बीजाणू फेकला जातो. या थेंबाला ‘बुलरचा थेंब’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडातील विनिपेग येथे काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड बुलर यांच्यावरून हे नाव पडले. उडताना बीजाणूला गुरुत्वत्वरणाच्या हजारो पट त्वरण मिळते, तरी हवेच्या अवरोधामुळे तो मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी अंतरावर थांबतो. उडी तोकडी वाटते, पण ती तेवढीच असावी लागते. छत्रीखालच्या उभ्या पापुद्र्यापासून सुटायचे आणि समोरच्या पापुद्र्यावर मात्र आदळायचे नाही, असा तो हिशेब आहे. तिथून खाली घसरलेला बीजाणू हवेच्या स्वाधीन होतो.

दुसऱ्या मोठ्या गटात (ॲस्कोमायसीट) बीजाणू पिशवीसारख्या पेशीत, बहुधा आठ-आठ, भरलेले असतात. पोटॅशियम, क्लोराइड व मॅनिटॉल साठवून ही पेशी पाणी शोषते, आतला दाब वाढतो आणि तोंड उघडताच पिचकारीसारखे बीजाणू उडतात. त्यांच्याबरोबर पेशीतला द्रवही शिंपडला जातो. त्याचे महत्त्व पुढे येईलच. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांसारख्या कवकांचे कोरडे बीजाणू मात्र वारा, फांद्यांची हालचाल किंवा पानावर आपटणारा पावसाचा थेंब यांमुळे सुटतात. ते दिवसा अधिक सापडतात.

संख्येचा अंदाज येण्यासाठी गॅनोडर्मा ॲप्लॅनेटम या जातीचे उदाहरण देतात. खोडावर फळीसारखे वाढणारे हे कवक मोसमात दिवसाला सुमारे ३,००० कोटी बीजाणू सोडते, असा हिशेब बुलर यांनीच मांडला होता. ही जाती वर्षावनापुरती मर्यादित नाही, पण कुजत्या लाकडाने भरलेल्या जंगलात काय प्रमाणात बीजाणू सुटत असतील याची कल्पना तिच्यावरून येते. भूपृष्ठालगतच्या हवेत साधारणपणे घनमीटरमागे १,००० ते १०,००० बीजाणू असतात. दमट जंगलात हा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो.

बीजाणूंचा व्यास बहुधा २ ते १० मायक्रोमीटर असतो. ५ मायक्रोमीटरचा बीजाणू निश्चल हवेत सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी वेगाने खाली येतो. म्हणजे पस्तीस मीटर उंचीच्या वृक्षछत्रावरून जमीन गाठायला त्याला बारा-तेरा तास लागतील. प्रत्यक्षात हवा निश्चल नसते. रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन झाडीखाली कोंडते आणि सुटलेले बीजाणू तिच्यात साचत जातात. सकाळी ऊन तापले की हवा ढवळली जाते आणि हा साठा वर पसरून विरळ होतो. रात्रीच्या मोजणीतला मोठा आकडा म्हणूनच दोन गोष्टींचा मिळून बनलेला असतो : बीजाणू जास्त सुटतात आणि त्यांना पसरायला जागाही कमी मिळते. फक्त पहिल्याच गोष्टीकडे बोट दाखवणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे.

उंचीनुसार फरक पाहण्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे ब्राझीलमधील मानाउस शहराच्या ईशान्येस सुमारे १५० किमी.वर उभारलेला ३२५ मीटर उंचीचा ‘ॲटो’ मनोरा. २०१५ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा ब्राझील व जर्मनी यांचा संयुक्त उपक्रम आहे. तिथे ५, ६० व ३२५ मीटर उंचीवर जैविक कणांचे नमुने घेतले गेले आहेत. उंची वाढते तशी दृश्यकेंद्रकी पेशींची, म्हणजे मुख्यतः बीजाणूंची, संख्या घटते.

मोजणीची साधने बरीच बदलली आहेत. १९५२ मध्ये आलेल्या हर्स्ट सापळ्यात चिकट पृष्ठभागावर हवा आदळवून कण पकडतात व सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. या पद्धतीत भूछत्रांचे बीजाणू एकमेकांपासून ओळखणे अवघड जाते. संवर्धन माध्यमावर वाढवायचे तर जे तिथे उगवतात तेवढेच दिसतात. हल्ली डीएनए क्रमवारी वापरतात, शिवाय अतिनील प्रकाशात कणांची चमक मोजणारी उपकरणेही आहेत. २००८ मध्ये बोर्निओतील डॅनम खोऱ्यात व ॲमेझॉनमध्ये अशी उपकरणे लावली गेली. चमकणारा प्रत्येक कण सजीवच असतो असे मात्र नाही. धुरातले काही कणही चमकतात. रासायनिक मार्गाने मॅनिटॉल व अरॅबिटॉल या कवकांत आढळणाऱ्या शर्करांचे प्रमाण मोजून बीजाणूंचे वस्तुमान काढतात. जगभरात दरवर्षी किती बीजाणू हवेत जातात याचे याच मार्गाने काढलेले दोन अंदाज प्रसिद्ध आहेत : २००७ चा सुमारे ५ कोटी टन आणि २००९ चा सुमारे २.८ कोटी टन. दोघांतले अंतर पाहता यांतला एकच आकडा प्रमाण धरणे धाडसाचे आहे. मॅनिटॉल काही वनस्पतींतही असते, ही अडचण वेगळीच.

बीजाणू पाऊस पाडतात, हे विधान आता लोकप्रिय झाले आहे. ते तपासून घ्यायला हवे. ओल्या ऋतूत ॲमेझॉनवरच्या स्वच्छ हवेतील मोठ्या कणांच्या वस्तुमानात जैविक कणांचा वाटा सर्वाधिक असतो. संख्येत मात्र बीजाणू नगण्य ठरतात. त्या हवेत घनसेंटिमीटरमागे काही शे कण असतात आणि त्यांत हजारामागे एकही बीजाणू भरत नाही. ढगातले थेंब धरतात ते मुख्यतः इतर बारीक कणांवर. बीजाणू मोठे व पाणी शोषणारे असल्याने त्यांच्यावर मोठे थेंब बनू शकतात आणि असे थेंब पाऊस सुरू व्हायला मदत करू शकतात. बर्फकणांच्या बाबतीतही सरसकट विधान चालत नाही. मॉर्टिएरेला अल्पाइना ही कवक जाती −५ ते −६° से. तापमानालाच पाणी गोठवणारे पदार्थ तयार करते, तर सर्वत्र आढळणारे क्लॅडोस्पोरियमचे बीजाणू या कामी फारसे उपयोगी नाहीत.

कवकांचा ढगांशी अधिक ठोस संबंध कदाचित वर उल्लेखिलेल्या पिचकारीतून येतो. २०१२ मध्ये ॲमेझॉनवरील बारीक सेंद्रिय कणांच्या गाभ्यात पोटॅशियमचे क्षार आढळले. झाडांतून बाहेर पडणाऱ्या वायूंपासून बनलेले सेंद्रिय पदार्थ या क्षारांवर थर धरतात आणि तसे कण ढगांची केंद्रके (ज्यांच्यावर ढगाचे थेंब धरतात ते कण) होतात. हे क्षार कवके व वनस्पती यांतून आले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. याखेरीज खूप दमट हवेत काही बीजाणू फुटून त्यांचे बारीक तुकडे होतात, असेही ॲमेझॉनमधील नमुन्यांवर दिसून आले आहे.

जंगलाच्या दृष्टीने हवाई प्रवासाचा खरा अर्थ यजमान गाठणे हा आहे. वर्षावनात एका जातीची झाडे विखुरलेली असल्याने बहुसंख्य बीजाणू चुकीच्या पानावर पडतात. तीच झाडे माणसाने ओळीने दाट लावली की गणित बदलते. ॲमेझॉनमधील तापाजोस नदीकाठी १९२८ मध्ये सुरू झालेल्या फोर्डलँडिया या रबराच्या मळ्याची पानकरपा या कवकजन्य रोगाने दैना केली. कोकोवरील ‘चेटकिणीचा झाडू’ हा रोगही मूळ ॲमेझॉनचा. त्याचे नाजूक बीजाणू दमट रात्री सुटतात, कारण ऊन व कोरडेपणा त्यांना सोसत नाही. हा रोग १९८९ मध्ये ब्राझीलच्या बाइया राज्यातील कोको मळ्यांत पोचला. गडद रंगद्रव्य असलेले जाड भिंतीचे बीजाणू अधिक टिकतात. कॉफीवरील तांबेरा १९७० मध्ये बाइयातच आढळला, तेव्हा तो आफ्रिकेतून व्यापारी वाऱ्यांवर अटलांटिक ओलांडून आला असावा, असे काही अभ्यासकांनी सुचवले. माणसांबरोबर आला असण्याची शक्यताही तितकीच गंभीरपणे मांडली जाते.

कोरड्या ऋतूत जंगलतोडीच्या आगी लागल्या की ॲमेझॉनवरच्या हवेतील कणांची संख्या घनसेंटिमीटरमागे हजारोंवर जाते आणि त्या धुरात बीजाणू वेगळे काढणे कठीण होते. म्हणूनच वर्षावनाच्या मूळ हवेविषयी जे काही ठामपणे सांगता येते, ते बहुतांश फेब्रुवारी ते मे या ओल्या महिन्यांतल्या मोजणीवर आधारलेले आहे.